कडीवरचा परका नंबर

मित्रांनो, मी एक बोरमाळ आहे. जुनी म्हणावी इतकं माझं वय नाही, तीनच वर्षं झाली. पण माझ्या मण्यांवरचा मुलामा जागोजागी उडालाय, आतलं पितळ उघडं पडलंय. त्यामुळे मी वयापेक्षा फार म्हातारी दिसते.

लांबच्या एका शहरातल्या कारखान्यात माझा जन्म झाला. पोकळ पितळी मणी, आत लाख, वरून सोन्याच्या पाण्याचा पातळ थर. ज्या कारागिराने मला ओवलं, त्याने मला इमिटेशन म्हणूनच घडवलं होतं. त्यात काही पाप नव्हतं. पाप पुढे झालं. मला घाऊक भावात उचलणाऱ्या माणसाने माझ्या मागच्या कडीवर हॉलमार्कचा शिक्का मारला आणि शेजारी सहा अक्षर-आकड्यांचा एक नंबर कोरला. तो नंबर दुसऱ्याच कुणाच्या तरी अस्सल अंगठीचा होता.

कळव्याच्या कल्पिताने मला मोबाइलवर, दागिने विकणाऱ्या एका पेजवर पाहिलं. कल्पिता तिशीची, डोंबिवलीत एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर काम करणारी. तिच्या आईकडे, तुळसाबाईंकडे, पूर्वी खऱ्या सोन्याची बोरमाळ होती. वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी ती मोडावी लागली. वडील वाचले नाहीत आणि माळही गेली. तुळसाबाई त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत. पण कुणाच्या हळदीला जाताना पदर गळ्याभोवती घट्ट लपेटून घ्यायच्या. आता कल्पिताच्या धाकट्या भावाचं, कमलेशचं, लग्न ठरलं होतं. वरमायने भुंड्या गळ्याने मांडवात उभं राहायचं, हे काही कल्पिताला बघवेना.

"दीदी, मजुरी माफ. पण ऑफर आजच्यापुरतीच," विकणाऱ्याने मेसेज केला. "वेबसाइटवरून नको, डायरेक्ट खात्यात पाठवा."

"बिल मिळेल ना?"

"पार्सलमध्येच असतं, टेन्शन नका घेऊ."

त्या पेजवर दुकानाचा पत्ता नव्हता. खाली कमेंट लिहायची सोयही बंद ठेवलेली. कल्पिताला हे दिसलं होतं, पण खटकलं नाही. मन एकदा वस्तूवर बसलं की डोळे मनाचंच ऐकतात. तिने चार वर्षांची शिल्लक पाठवून दिली.

मी लाल मखमलीच्या डबीतून आले. बिल आलं नाही. तुळसाबाईंनी मला गळ्यात घातलं, आरशासमोर उभ्या राहिल्या आणि मला चाचपत म्हणाल्या, "तुजे बाबाला दिसत असंल गो." मित्रांनो, इतक्या प्रेमाने मला कुणी हात लावला नव्हता, आणि त्या प्रेमाच्या मी लायक नव्हते.

आठ दिवसांनी दवाखान्यात कल्पिताने माझा फोटो रुपालीला दाखवला. रुपाली तिथेच हिशेब बघायची. ती म्हणाली, "अगं, कडीवरचा नंबर सरकारी अॅपवर टाकून बघितलास का? कुठल्या सोनाराचा माल, काय वस्तू, सगळं कळतं." कल्पिताने नंबर टाकला. स्क्रीनवर आलं: अंगठी. सोनाराचं नावही त्या पेजपेक्षा वेगळंच. तिने विकणाऱ्याला मेसेज केला, तर त्याने तिला ब्लॉक केलं.

त्याच संध्याकाळी तिने घरी सांगितलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण लग्न बारा दिवसांवर आलं होतं आणि शरमेने तिची जीभ उचलेना. आईसाठी मोठ्या तोऱ्यात आणलेली माळ खोटी निघाली, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? लग्न होऊन जाऊ दे, मग बघू, असं तिने ठरवलं.

लग्नात माझं फार कौतुक झालं. जी ती बाई तुळसाबाईंच्या गळ्याकडे बघत होती. मग नवी सून, नयन, माप ओलांडून आत आली आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना तुळसाबाईंनी मला काढून तिच्या गळ्यात घातलं. कल्पिता झटकन पुढे आली. पण फोटोग्राफर ओरडला, "ताई, या ना, तुम्ही पण फ्रेममध्ये या!" कल्पिता नयनशेजारी उभी राहिली आणि हसली.

महिन्याभरात नयनची मान काळवंडली, खाजेने लाल झाली. ती माहेरी खडवलीला गेली तेव्हा तिच्या आईने, आवडाबाईंनी, मला कल्याणच्या एका सोनाराकडे नेलं. त्याने मला दगडावर घासलं, त्या रेघेवर तेजाबाचा थेंब टाकला. रेघ पुसली गेली.

"मावशी, पितळ आहे हे."

दुसऱ्या दिवशी मायलेकी कळव्याला आल्या. आवडाबाईंनी मला सगळ्यांदेखत टेबलावर ठेवलं. "आमचे पोरीचे गल्यान पितल घातलंत, विहीणबाय? काय द्यायचं नव्हतं तर नसतं दिलंत. आम्ही मागितलेलं का?"

तुळसाबाईंनी मला उचलून उलटसुलट पाहिलं. त्यांना कळेचना. कमलेश उठला आणि सासूवर आवाज चढवायला लागला, तेव्हा कल्पिता मध्ये पडली. "कमलेश, थांब. आईला काहीच माहीत नाही. मी आणलेली ती, ऑनलाइन. मी फसलेली."

मग नयनने हळूच विचारलं, "ताई, लग्नाच्या दिवशी तुम्हाला माहीत होतं?"

कल्पिता खोटं बोलू शकली असती. तिने मान खाली घातली. "हो."

"आणि तुम्ही माझ्या बाजूला उभ्या राहून फोटो काढलात."

नयन आईबरोबर निघून गेली. त्या घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नाही. तुळसाबाई लेकीला एवढंच म्हणाल्या, "पैसा गेला त्याचा कय नाय गो. मना सांगाला पायजे व्हतं. मी माज्या हातान तिचे गल्यान घातली." कल्पिताने पोलिसांच्या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली. पण उशीर झाला होता. पैसे कधीच त्या खात्यातून पुढे गेले होते आणि ते पेजही गायब झालं होतं.

तिसऱ्या दिवशी तुळसाबाई कल्पिताला घेऊन खडवलीला गेल्या. ज्या बाईने काहीही केलं नव्हतं, तिने विहिणीच्या दारात हात जोडले. आवडाबाई दारातून बाजूला झाल्या. मग म्हणाल्या, "आत या. चहा ठेवते." नयन परत आली, पण कल्पिताशी ती लागेल तेवढंच बोलायची.

दीड वर्षाने कल्पिताने नयनसाठी छोट्याशा सोन्याच्या कुड्या घेतल्या. पुन्हा ऑनलाइनच. या वेळी तिने आधी दुकानाचा पत्ता शोधला, फोन केला, परत करण्याचे नियम वाचले. वजन, कॅरट, मजुरी वेगवेगळी लिहिलेलं बिल मागितलं आणि पैसे वेबसाइटवरूनच भरले. पार्सल फोडताना तिने नयनला व्हिडिओ काढायला बसवलं. नंबर नयनने स्वतः टाकला. "कानातले," तिने स्क्रीनवरचं मोठ्याने वाचलं. कुड्या तिने घातल्या. हसली मात्र नाही. काही गोष्टी बिलाबरोबर परत मिळत नाहीत.

गेल्या महिन्यात शेजारची पायल तुळसाबाईंना मोबाइल दाखवायला आली. "काकी, बघा ना काय मस्त हार! आजच्या दिवस ऑफर आहे."

कल्पिताचा चेहरा पडला. पण तुळसाबाई उठल्या, कपाटातून मला काढून आणलं आणि पायलच्या हातावर ठेवलं. "ही बघ. हिचेवर पन शिक्का हाय. आमी फसलो गो. कुनाला सांगितला नाय, म्हनून जास्त फसलो." मग त्या नयनकडे वळल्या. "तो नंबर कसा बघायचा, तो हिला शिकव."

नयन पायलजवळ जाऊन बसली. मग तिने कल्पिताला हाक मारली, "ताई, तुम्ही पण या ना. बिलाचं तुम्हीच नीट सांगाल."

पायलने त्या दिवशी काही मागवलं नाही.

मित्रांनो, मोबाइलवर दागिना घेण्यात वाईट काही नाही. पण घाई लावणाऱ्याकडून घेऊ नका. बिल, पत्ता आणि कडीवरचा नंबर बघितल्याशिवाय पैसे पाठवू नका. आणि एवढं करूनही फसलातच, तर त्याच दिवशी घरच्यांना सांगा. मी पितळ आहे हे लपवलं गेलं, म्हणून मी एका घराला इतकी जड झाले.