तटाखालच्या शेडी

थोरली लेक गावात फिरायला येणाऱ्या पाहुण्यांना गाव दाखवायची, तेच तिचं काम. बंदराचा दरवाजा, जुनी जकात-कचेरी, दीपगृह, समुद्राकडचा तट. तोफेचा गोळा कुठल्या दगडाला लागला आणि कुठल्या वादळात धक्का वाहून गेला, सगळं तोंडपाठ. धाकटा भाऊ म्हणायचा, "हिला झोपेतून उठवलं तर आधी जकात-कचेरीचा इतिहास सांगेल, मग चहा मागेल."

वडील होड्या बांधायचे. तटाला टेकून ज्या पत्र्याच्या शेडी होत्या, त्यातली एक त्यांची. "एकदा मलाही ने की गाव दाखवायला," ते लेकीला म्हणायचे. "हंगाम संपू दे, बाबा." हंगाम संपायचा, तिचं काहीतरी नवीन निघायचं.

पुढे तटाच्या डागडुजीसाठी नगरपालिकेनं बैठक घेतली. तिथे तिचंही मत विचारलं. "शेडींमुळे तट झाकला जातो," ती म्हणाली. खोटं काहीच नव्हतं. शेडी पाडल्या. वडिलांनी रंधा, पटाशा गोणपाटात गुंडाळून घरी आणल्या आणि कॉटखाली सरकवल्या. त्यावरून घरात एक शब्द निघाला नाही, आणि तिनंही काढला नाही.

काचबिंदूनं त्यांची नजर पार गेली, तेव्हा कुठे तिला सवड झाली. एका सकाळी हाताला धरून तिनं त्यांना गावभर फिरवलं. ते ऐकत होते, "असं होय," "बरं," म्हणत होते, एखाद्या परक्या पाहुण्यासारखे.

तटापाशी मात्र ते थांबले. भिंतीवर तळहात ठेवून चाचपत पुढे सरकले.

"इथं आमच्या होड्यांच्या डांबराचे थर होते."

"घासून काढले, बाबा. दगड दिसावा म्हणून."

"मग इथं लोकांना काय सांगतेस?"

"तोफांचं."

"आणि आमचं?"

तिनं त्यांचा हात पुन्हा धरला. तेच म्हणाले, "चल, ऊन चढलं."

त्यानंतरच्या पाहुण्यांना तिनं तटापाशी थांबवलं. "इथं होड्या बांधायच्या शेडी होत्या. माझ्या वडिलांचीही होती."

"पाडल्या का?" एका बाईंनी विचारलं.

"पाडा म्हणणाऱ्यांत मी होते."

बाई जराशा अवघडल्या, मग फोटो काढायला वळल्या.

घरी येऊन तिनं वडिलांना हे सांगितलं. "चारचौघांत कशाला सांगायचं ते?" एवढंच ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला सोपं गेलं असतं.

मग ती रोज त्यांच्याजवळ बसून विचारू लागली. फळ्या कशा वाकवायचे, सांधे कशानं भरायचे. ते आठवायचा प्रयत्न करायचे, बोटं हवेत हलवायचे आणि थांबायचे.

"डोक्यात कधी नव्हतंच गं ते. हातात होतं. आता हातही विसरले."

ती मान खाली घालून रडायची. वडील तिच्या पाठीवर थोपटायचे, आणि त्यानं तिला जास्तच रडू यायचं.