सुगंधाबाईंचा राम राम

मित्रांनो, मी सुगंधाबाईंचा जुना मोबाइल आहे. माझी काच तडकली आहे आणि बॅटरी दुपारीच मान टाकते. त्यांचा मुलगा, इतवारी, कामासाठी हैदराबादला निघाला, तेव्हा त्याने मला ब्रह्मपुरीच्या बाजारातून आणलं. तेव्हापासून घरात आम्ही दोघंच.

गावाचा एक व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. मोहफुलं वेचायला पहाटेच जंगलात जावं लागतं, म्हणून वाघाचा माग दिसला की ज्याने त्याने तिथे कळवायचं. सुगंधाबाईंना लिहिता येत नाही. त्या बटण दाबून बोलत. आणि बोलत कशा? कुणाच्या अंगणात पाऊल टाकल्यासारख्या. "वारलूभाऊ, राम राम. रुखमाबाई, जय भीम. ललिता, बरी हायेस का वं?" एवढं सगळं झाल्यावर मग वाघ यायचा. लांबण होती खरी, पण इतकं आदबीने बोलणारं त्या गटात दुसरं कुणी नव्हतं. मला त्यांचा अभिमान वाटायचा.

एकदा ललिताच्या मुलीने, कॉलेजात शिकणाऱ्या चंचलने, तो आवाज कापून त्याला बँडबाजा जोडला आणि गटात टाकला. हसऱ्या तोंडांचा पाऊस पडला. चाळीस मी मोजली. ललिताही हसली. "असं करू नये" म्हणणारं एकही माणूस निघालं नाही. सुगंधाबाईंनी ते दोनदा ऐकलं आणि मला खुंटीवरच्या पिशवीत ठेवून दिलं. त्यानंतर गटात त्यांचा आवाज गेला नाही. का गेला नाही, हे कुणी विचारलंही नाही. मित्रांनो, पिशवीत फार एकटं वाटतं.

पंधरा दिवसांनी नाल्याच्या ओल्या रेतीत त्यांना वाघाची ताजी पावलं दिसली. ललिता ज्या मोहाच्या झाडाखाली फुलं वेचायची, तिकडे ती चालली होती. त्यांनी मला बाहेर काढलं, बटण दाबलं. "ललिता, राम..." एवढंच बोलल्या आणि आवाज पुसून टाकला. मी मनात ओरडत होतो, पण आमच्या ओरडण्याला आवाज कुठला! मग त्या स्वतःच गावाकडे धावत सुटल्या. ललिताच्या दाराला कडी होती. ती दुसऱ्या वाटेने कधीच जंगलात निघून गेली होती.

वाघाने ललिताला गाठलं, पण ती वाचली. चंद्रपूरच्या दवाखान्यात महिनाभर राहून परत आली, पण तिचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही.

चंचल आमच्याकडे आली.

"आजी, माह्यं चुकलं. तुमी गटात काऊन नाई सांगतलं?"

सुगंधाबाईंनी तिच्यापुढे चहा ठेवला. "तुह्या मायले सांगाले मी पायी आली होती, पोरी. मले वाटलं, पायानं आली तं कोणी हासनार नाई."

मित्रांनो, माझ्यात दिसतात ती नुसती अक्षरं आणि चित्रं. पलीकडचा चेहरा मला दाखवता येत नाही, तो तुम्हीच मनात आणायचा असतो. कुणी लांबण लावली तर ऐकून घ्या. कुणी गप्प झालं तर विचारपूस करा. त्या दिवशी चाळीस जणांपैकी एकाने जरी "बाई, राम राम" असं उलट पाठवलं असतं, तर ललिता आज स्वतःच्या हाताने डोक्यावर टोपली घेत असती.