मार्थाआत्याचे गार हात

आत्याच्या तळहातांचा आवाज मला अजून ऐकू येतो. कुणाच्या घरात मरण उंबऱ्याशी येऊन बसले की आत्याला बोलावणे येई. त्या घरात शिरल्यावर ती आधी चुलीपुढे उकिडवी बसून हात शेकी आणि मग तळव्यावर तळवा घाशी. पौषातल्या वाऱ्याने चिंचेचा वाळला पाला अंगणभर सरपटावा, तसा तो कोरडा, सावकाश आवाज असे.

शिरूरच्या मिशन कंपाउंडात मार्थाआत्या बायबलबाई होती. घरोघरच्या बायकांना शास्त्र वाचून दाखवायचे आणि मरणाऱ्याचा हात धरून शेवटपर्यंत बसायचे, हे तिचे काम. मिशनच्या मडमबाई मायदेशी परतल्या, तरी ते काम तिच्याकडेच राहिले. आई गेल्यावर वडिलांनी मला दौंडच्या रेल्वे कॉलनीतून तिच्याकडे शिकायला धाडले. मरणाऱ्याला गार स्पर्श नको म्हणून ही माउली हात शेकते, असे सगळी मंडळी कौतुकाने म्हणे. तिच्या गोधडीत निजणाऱ्या मला मात्र खरे ठाऊक होते. बोलावणे आले की भीतीने तिचे हात बर्फासारखे पडत. ते कुणाला कळू नये म्हणून तो सारा खटाटोप चाले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असे मी तिला एकदा चिडवले, तर ती हसली नाही. "भ्या वाटतं म्हंजी विश्वास न्हाई," ती म्हणाली, "आन् विश्वास न्हाई तर पलीकडं मला कोन घेईल गं?" इतकी वर्षे ज्याचे नाव घेतले तोच आपल्याला ओळखणार नाही, या धास्तीत ही बाई दिवस कंठत होती.

आमच्या मंडळीत एक रीत होती. कुणी गेले की ओसरीवर बसलेल्यांना ते कसे गेले, याची साक्ष हात धरणाऱ्याने बाहेर येऊन द्यायची. मग पाळकसाहेब रविवारच्या उपासनेत ती सर्वांना सांगत. आत्याची साक्ष ठरलेली, "शांतीनं गेले." मिशनच्या देवळाची घंटा वाजवणाऱ्या याकोबआबांची बायको गेली तेव्हा मी आत्याबरोबर होते. त्या माउलीचे डोळे छपरावर खिळले होते, आणि आत्याच्या मनगटात तिची नखे रुतली होती. तरी आत्या पदराखाली मनगट झाकून बाहेर आली आणि तेच म्हणाली. आबांनी मान डोलावली. पुढे मात्र ते सणासुदीलाही उदास दिसू लागले. आपली बायको एवढ्या विश्वासाची आणि आपण असे भित्रे, हे त्यांना खात होते, असे मला वाटे.

मग एका हिवाळ्यात आत्याच्याच छातीत कफ दाटला. दुपारचे फिकट ऊन कौलांच्या फटींतून तिच्या अंथरुणावर उतरे आणि सरकत सरकत भिंतीवर चढे. तिचे डोळे त्याचा पाठलाग करीत, जणू ते गेले की आपणही जायचे. ओसरी माणसांनी भरली. जिने सगळ्यांना पोचवले, तिची साक्ष ऐकायला सगळे आले होते. चुलीपुढे बसून मी हात शेकले, तळवे घासले, पण ते काही केल्या ऊन होईनात. तशाच गार हातांनी मी तिचा गार हात धरला.

"तुझा बी गारच हाय की," ती पुटपुटली. मग दम घेत घेत म्हणाली, "मी पोचवली ती समदी भ्यायली हुती. बाहीर मी खोटं बोलले. माझं तू खरं सांग."

मी होकाराची मान हलवली. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. "प्रभू, मला लई भ्या वाटतंय," एवढेच ऊन भिंतीवर चढेपर्यंत म्हणत राहिली. ऐकता ऐकता माझ्या ध्यानात आले, की आपली भीती ती कुणाला तरी सांगते आहे, आणि तो जवळच बसला असावा अशा हलक्या आवाजात सांगते आहे. तिच्या विश्वासाबद्दल मी पुन्हा कधी शंका घेतली नाही. ते तिला सांगायला मात्र वेळ उरला नाही.

मी ओसरीवर आले. सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे वळले. "आत्या भ्याली होती," मी म्हणाले. "फार भ्याली होती. शेवटपर्यंत प्रभूलाच ते सांगत होती."

पाळकसाहेबांनी मान खाली घातली. तेवढ्यात कडेला बसलेले याकोबआबा काठी टेकत उठले.

"मार्थाबाई बी भ्याल्या, व्हय?" त्यांनी विचारले. मी होय म्हणताच त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. "मंग पलीकडं मला बी घेतील," म्हणाले, आणि घंटा वाजवायला देवळाकडे निघाले.

आता आत्याचे वय गाठून मी पुढे गेले आहे, आणि माझेही हात अवेळी गार पडतात. तेव्हा मी तळव्यावर तळवा घासते, आणि इतक्या वर्षांपलीकडून आत्या येऊन माझ्याजवळ बसते, माझ्याइतकीच भ्यालेली.