पलीकडचा आड

ठोकळ्यांनी घरं बांधायच्या गेमसाठी जान्हवीनं स्वतःच एक टूल बनवलं होतं. अर्धा आकार रचला की उरलेला अर्धा ते हुबेहूब तसाच उभा करी. त्यात तिनं आपली बाजू रचून वाटणीआधीचं अख्खं घर बांधलं. चुलत्याची बाजू तिनं कधी पाहिलीच नव्हती. मधली भिंत तिच्या बापानं, भागवतनं, ती रांगत होती तेव्हाच इरेला पेटून घातलेली. त्याच उन्हाळ्यात काकू शेतातल्या विहिरीत पडून गेली.

भागवत कौतुकानं स्क्रीन बघत होता. एकदम त्याचं तोंड उतरलं.

"तिकडं आड काहून केला? आड आपल्याच अंगणात हाय. बुजव तो!"

"मंग काकू पाणी कुठून भरायची, बाबा?"

जान्हवीनं सहज विचारलं, आणि बापानं सांगितलं म्हणून पलीकडचा आड बुजवून टाकला.