सुनेचं नाव

हिंजवडीजवळच्या नेरे गावात साळूबाईसारखी भाताच्या रोपांची आवणी दुसरी कुणी करत नसे. सव्वीस वर्षं ती हैबतरावांच्या खाचरांत राबली; स्वतःचा गुंठाही नव्हता. दोन हजार सहा साली हैबतरावांनी शिवार विकलं आणि त्या पैशांतून गावात भाड्यानं द्यायला खोल्या बांधल्या. साळूबाईला कुणी सांगितलंसुद्धा नाही. आवणीला गेली, तर पत्र्याचं कुंपण. तिचा मुलगा नथू त्यांचाच ट्रॅक्टर चालवायचा. तोही घरी बसला; चौकातल्या मजूर अड्ड्यावर त्याला आठवड्यातून एखाद्याच दिवशी रोजगार मिळे.

शेजारची हेमलता हिंजवडीच्या एका कंपनीत साफसफाईला जायची. ती म्हणाली, "बाया घेत्यात. पर पस्तिशीच्या आतली लागती, अन् आठवीचा दाखला."

साळूबाई पन्नाशीची. शाळेत कधी गेलेली नाही. आठवी झालेली होती सून वैष्णवी, पण ती ओली बाळंतीण.

"आत्या, चार म्हयन्यांनी मीच जाते की."

"तवर खायाचं काय?"

साळूबाईनं केस काळे केले आणि सुनेचा दाखला घेऊन गेली. ठेकेदाराचा सुपरवायझर दयानंद गर्दीत कागदच बघत होता, तोंडं नाही. ती कामाला लागली.

बाराव्या दिवशी ती जिना पुसत होती. "वैष्णवी!" दयानंदनं हाक मारली. परत मारली. ती पुसतच राहिली. बाजूची बाई म्हणाली, "अगं, तुलाच बोलावत्यात," तेव्हा ती दचकून उठली. दयानंदनं पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. भांगात पांढरं दिसू लागलं होतं.

त्यानं तिचा गेटपास काढून घेतला आणि तिला गेटबाहेर काढलं.

घरी ती एवढंच म्हणाली, "झेपलं न्हाई मला."

चार महिन्यांनी वैष्णवी तोच दाखला घेऊन गेली आणि तासाभरात परत आली. "त्यांच्या यादीत ह्या नावाफुडं फसवणूक लिवलीया म्हणत्यात. ठेकेदार कुठल्याच कंपनीत घेणार न्हाई. आत्या, काय केलं तुमी?"

दुसऱ्या दिवशी साळूबाई सुनेला घेऊन गेटवर गेली आणि दयानंदपुढं हात जोडून उभी राहिली. "सायेब, खोटं मी बोलले. माझं नाव लिवा. पोरीचं पुसा."

"मावशी, कळतंय मला. पण ती यादी वरच्या ऑफिसात असते. मी काही केलं, तर माझीच नोकरी जाईल." मागं कंपनीची बस आली. पहारेकऱ्यानं दोघींना बाजूला सारलं.

दोघी घरापर्यंत चालत आल्या.

सकाळी वैष्णवीनं पदर खोचला. ती मजूर अड्ड्यावर निघाली होती. तिथं दाखला विचारत नाहीत.

"मी बी येते," साळूबाई म्हणाली.

"तुमी पोराला बघा."

ती रागानं बोलली नाही, पण सासूकडे तिनं पाहिलंही नाही.

दुपारी ती परत आली. चौकात दोनशे माणसं उभी होती. मुकादमांनी मोजके गडीच नेले, बाया नेल्या नाहीत. तिनं मूल उचलून छातीशी लावलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. साळूबाई उंबऱ्यावरच उभी राहिली. आत जावं, की बाहेर, तिला कळेना.