ब्रेन गनचा नांगर

मला माहितीचं अजीर्ण झालंय, असं माझी बायको हेमा लग्नापासून म्हणते. मशीनगन हा माझा लाडका विषय. १८८४ च्या सुमाराला मॅक्सिमने बंदुकीच्या धक्क्यानेच पुढची गोळी कशी भरवली, हे मी कुणी न विचारता सांगतो. पोस्टातल्या माणसाला त्याचा काय उपयोग, हे मलाही कधी कळलं नाही.

चौऱ्याण्णव साली आम्ही बाळकुमच्या नव्या सोसायटीत राहायला आलो. एका रविवारी मासळी आणायला खाडीवर गेलो. आवडाबाई कोळीण माझी मासळी पिशवीत भरत होती. बाजूला तिच्या नवऱ्याची, गोमाजीची होडी. होडीचा नांगर चिखलात रुतलेला, आणि तो नांगर म्हणजे चक्क ब्रेन गन होती! दुसऱ्या महायुद्धातली मशीनगन, अस्सल. पुढचे दोन पाय चिखलात घट्ट, मागच्या दस्त्याला दोरखंड.

"नऊ वर्सां जाली, जाल्यान गावला," गोमाजी म्हणाला. "असा नांगर अख्ख्या खाडीन नाय."

मी हात लावून पाहिला. गंजाचा ठिपका नाही. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की कोळी लोक लाकडाला माशाचं तेल चोपडतात. आवडाबाई तेच तेल नांगराला लावायची, आणि तेवढ्यावर तिचं भागत नसे म्हणून दर महिन्याला कोंबडीच्या पिसाने खाचाखोचांतूनही फिरवायची. नारळी पौर्णिमेला हळदकुंकू वेगळं.

शहाण्या माणसाने मासळी घेऊन घर गाठलं असतं. मी लेख लिहिला. ठाण्याच्या एका साप्ताहिकाने तो छापलाही. ब्रेन गन मूळची झेक, इंग्रजांनी उचलली, नळी वगैरे बदललेला तिचा अवतार आपल्या सैन्यात आजही चालतो, आणि एक बाळकुमच्या खाडीत सेवेत आहे, असं मी मोठ्या ऐटीत लिहिलं. लेख दोघांनी वाचला. एक मी, दुसरा फौजदार.

मुंबईतल्या स्फोटांना जेमतेम वर्ष झालं होतं. हत्यार म्हटलं की पोलीस हसत नसत. त्यांनी गोमाजीला चौकीत आणून बसवलं, नांगर टेबलावर ठेवला आणि पंच म्हणून मलाच बोलावलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"हे बघा," फौजदार म्हणाला, "गन चालू असेल तर टाडा, जामीनसुद्धा नाही. निकामी असेल तर भंगार. भंगारासाठी कोण कुणाला धरतंय?"

गोमाजीने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्या बिचाऱ्याचं अख्खं आयुष्य आता एका गंजावर अवलंबून होतं, आणि तोच नेमका कुठे नव्हता.

तपासायला लष्करातून एक सुभेदार आले. साताऱ्याकडचे, पिकल्या मिशांचे. त्यांनी खटका मागे ओढला. खट्! लोण्यातून सुरी फिरावी तसा तो मागे गेला, पुढे आला. सुभेदारांनी पुन्हा ओढला. मग तिसऱ्यांदा, उगाचच, आनंदासाठी.

"आमच्या स्टोअरात हिच्या बावीस बहिणी आहेत," ते पुटपुटले. "एकही अशी सरकत नाही. कुणी ठेवली ही अशी?"

"मी!" दारातून आवाज आला. आवडाबाई पदर खोचून आत आली. "त्याला काय समजतंय? नऊ वर्सां मीच तेल लावतंय."

गोमाजीने कपाळावर हात मारला. "आगं, गप ना!"

सुभेदारांनी तिच्याकडे पाहिलं, गोमाजीकडे पाहिलं. मग त्यांनी फौजदाराचा कागद ओढून घेतला आणि लिहून मोठ्याने वाचलं: "शस्त्र निकामी. देखभालीअभावी संपूर्ण गंजलेले. सबब भंगार."

फौजदाराने खटक्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं आणि चहा मागवला.

"जिने ठेवली तिचा अंगठा लागेल," तो म्हणाला.

"गंजलेला?" आवडाबाई म्हणाली. "आमचे घरान गंज? मी नाय अंगठा देणार."

आम्ही सगळे तिला समजावू लागलो. फौजदार, सुभेदार, दोन शिपाई, मी. एका चालू मशीनगनसमोर उभे राहून पाच पुरुष एका बाईला सांगत होते की ही गंजली आहे, आणि ती दर वेळी खटका ओढून दाखवत होती. खट्! "यो गंज हाय?" खट्! "हा बग, यो गंज?"

शेवटी गोमाजी उठला. त्याने तिचा हात धरला. "आवडे," तो एवढंच म्हणाला, "मना घरा यायचा हाय."

ती थांबली. शाईच्या डब्यात तिने अंगठा बुडवला आणि कागदावर इतका जोरात दाबला की कागद मागून ओला झाला. मग तिथेच बाकावर बसून ती रडली. मला तिच्याजवळ जायची लाज वाटली.

भंगार म्हणून गन लष्कराच्या जीपमध्ये चढली. सुभेदार बसता बसता परत उतरले, आवडाबाईजवळ आले आणि हळूच म्हणाले, "ताई, आमची पोरं अजून हीच घेऊन बर्फात उभी आहेत. अडकते हो ऐन वेळी. तेल कुठल्या माशाचं, तेवढं सांगा."

आवडाबाईने पदराने अंगठ्याची शाई पुसली.

"गंजलेल्याला कसला तेल, साहेब?" ती म्हणाली, आणि नवऱ्याला घेऊन चालू लागली.