त्र्याण्णव चिठ्ठ्या

मित्रांनो, विद्यापीठातल्या एका विभागाच्या दाराशेजारी भिंतीवर ठोकलेली लाकडी पेटी म्हणजे मी. वय विचारू नका, माझं मलाच आठवत नाही. मोडक्या बाकाच्या फळ्या जोडून सुताराने मला बनवलं आणि फटीखाली रंगाने लिहिलं, 'शिकवण्याबद्दल बोला'.

तेव्हाच्या विभागप्रमुख मॅडम दर शनिवारी सगळ्या प्राध्यापकांसमोर मला उघडायच्या. स्वतःबद्दलची चिठ्ठी आधी वाचायची, हा त्यांचा नियम. एकदा निघालं, 'मॅडम, तुम्ही फळ्याशी बोलता, आमच्याशी नाही.' सगळे खाली बघू लागले. मॅडम म्हणाल्या, "खरंय की." सोमवारपासून त्या मुलांकडे तोंड करून शिकवू लागल्या. काय मान होता हो तेव्हा मला!

मॅडम निवृत्त झाल्या. नव्या साहेबांनी माझी किल्ली कारकूनबाईंच्या खणात टाकली आणि ते मला विसरूनच गेले.

मग एक तरुण सर आले, वर्षभराच्या करारावर. पहिल्याच दिवशी त्यांनी वर्गाला सांगितलं, "डोक्यावरून गेलं ते लिहून पेटीत टाका. वर माझं नाव घाला, तुमचं नको." मुलं लिहू लागली. 'सर, फार भरभर बोलता.' 'तिसरं प्रकरण परत घ्या ना.' सर बाईंकडून किल्ली घेऊन सगळं वाचायचे, तसं शिकवणं बदलायचे आणि चिठ्ठ्या पुन्हा माझ्यातच ठेवायचे. कागद विभागाचा आहे, असं त्यांचं म्हणणं. भोळा माणूस!

वर्षाअखेरीस शिकवण्याची गुणवत्ता तपासणारी समिती येणार होती. तेव्हा कुठे साहेबांना माझी आठवण झाली. कोणाविरुद्ध किती तक्रारी ते मोजा, म्हणाले. बाकीच्या प्राध्यापकांनी मुलांना लिहायला सांगितलंच नव्हतं, त्यामुळे त्यांच्या नावे दोन-तीन. तरुण सरांच्या नावे त्र्याण्णव.

"साहेब, वाचून तरी बघा," बाई म्हणाल्या. "शेवटच्या चिठ्ठ्यांत 'आता कळतंय' असं लिहिलंय."

"वाचत कुठे बसता, बाई? समितीला आकडा हवाय."

सरांचा करार वाढला नाही. सामान न्यायला आले तेव्हा ते बाईंना एवढंच म्हणाले, "आई विचारेल, काय चुकलं. काय सांगू तिला?" मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण पुरावा माझ्याच पोटातून निघाला होता.

ही गोष्ट मुलांच्या कानावर गेली. तेव्हापासून माझ्यात एकही चिठ्ठी पडलेली नाही. पुढच्या वर्षी तक्रारी शून्य, म्हणून विभागाला उत्तम अध्यापनाचं प्रशस्तिपत्र मिळालं. ते माझ्या डोक्यावरच लावलंय. वर्गात सगळी मुलं माना डोलावतात आणि परीक्षेत निम्मी नापास होतात.

मित्रांनो, उद्या तुमच्या हाती असा एखादा विभाग आला, तर चिठ्ठ्या मोजण्याआधी वाचा. माझं काय, मी लाकूड आहे. त्या सरांना मात्र अजून कुठे वर्ग मिळालेला नाही.